गजभारेंची शिट्टी

गेल्या महिन्यात मी आमच्या सोसायटीतल्या एकेचाळीस तक्रारी एका दमात मिटवल्या. कौतुक करू नका. मिटवायची एकच होती, बाकीच्या चाळीस आपोआप गेल्या.

झालं असं की सोसायटीनं तक्रारींसाठी एक ॲप घेतलं आणि "जोगलेकर सार का फील्डइच है" म्हणून ते माझ्या गळ्यात मारलं. रविवारी सकाळी मी चष्मा न लावता ते उघडलं, दुरुस्त झालेल्या दिव्याची तक्रार बंद करायला गेलो, आणि बोट पडलं ते 'सर्व' लिहिलेल्या चौकोनावर. क्षणात बी ब्लॉकची गळती थांबली, लिफ्ट सुरू झाली, तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायचं बंद झालं. निदान ॲपपुरतं. एकेचाळीस घरांत एकदम मोबाइल वाजले: 'तुमच्या तक्रारीचं निवारण झालं आहे.' त्यातला एक आमच्याच स्वयंपाकघरात वाजला.

वृंदा ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "अहो, सिंक तुंबलंय ते तुंबलेलंच आहे. मग माझी तक्रार बंद कोणी केली?"

मी आयुष्यभर तक्रारींच्याच धंद्यात आहे. त्यामुळे तोंडातून पटकन निघालं, "ज्यानं उघडली त्यानंच बंद करायची असते, खरं आहे तुझं." आणि हे वाक्य माझं नाही हे आठवून मी जो गप्प बसलो तो दुपारच्या जेवणापर्यंत. वाढताना वृंदानं विचारलं, "चाळीस लोकांची माफी मागायची एवढंच ना? मग एवढं काय झालं?" तेव्हा तीन वर्षं पोटात ठेवलेली गजभारेंची गोष्ट मी तिला सांगितली. ती इथंही सांगतो, जरा क्रमानं.

आमचं ऑफिस सिकंदराबादेत. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दवाखान्यांतली यंत्रं, म्हणजे ऑक्सिजनची, एक्सरेची, लसी ठेवायचे फ्रिज, बिघडली की तिथून आमच्याकडे फोन येतो. डेस्कवरच्या मुली तो कॉम्प्युटरवर नोंदवतात, नोंदीला नंबर पडतो. त्या नोंदीला आम्ही तिकीट म्हणतो. तिकीट निघालं की मेकॅनिक निघतो. नाही निघालं तर कोणीच निघत नाही. ही तिकिटं ज्या यंत्रणेत राहतात ती उत्तम गजभारे सांभाळायचे. मूळचे नांदेडकडचे, राहायला तारनाक्याला, वयानं माझ्याहून आठ वर्षं मोठे आणि हुद्द्यानं एक पायरी खाली. हुद्द्यातला फरक ते 'साहेब' म्हणून पाळत. वयातला फरक पाळायचं माझ्याकडे होतं, ते राहून गेलं.

पुण्याहून येऊन मला तिसरा का चौथा दिवस होता. शनिवारी दुपारी डबा उघडला तोच हॉलमधून कर्कश शिट्टी ऐकू आली. आग, असं समजून मी डब्यासकट तीन मजले उतरून पार्किंगमध्ये उभा राहिलो. माझ्याशिवाय कोणीच आलं नाही. पाच मिनिटांनी वर जाऊन पाहतो तर सगळं ऑफिस कॉम्प्युटरसमोर बसलेलं: डेस्कवरच्या मुली, हिशेबवाले, वॉचमन, चहा करणारी यादम्मासुद्धा. प्रत्येकाचं बोट अधांतरी. आणि खुर्चीवर उभा एक सावळा, ठेंगणा माणूस, खिशात दोन पेनं, तोंडात शिट्टी. माझ्याकडे बघून त्यांनी शिट्टी काढली.

"साहेब, तुम्ही गेलात, एक माणूस कमी पडला. आता परत घ्यावं लागंल."

ही त्यांची गर्दीची चाचणी. यंत्रणेत काहीही बदललं की शनिवारी सगळ्यांना बसवायचं आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी एकदम तिकीट नोंदवायचं. शिट्टी कबड्डीची. तरुणपणी ते पंच होते, हात वर करून 'आउट' दाखवायची ढब शेवटपर्यंत गेली नव्हती. चाचणी झाली की यादम्माचा चहा आणि उस्मानिया बिस्किटं.

मी पुण्याचा, नवा आणि शिकलेला. मी म्हटलं, "अहो गजभारे, यासाठी सॉफ्टवेअर असतं. हजार माणसांची खोटी गर्दी करतं."

"हौ, ते पण केलंय की सकाळी." त्यांनी कागद दाखवला. "पण मशीनची गर्दी लई शहाणी असती साहेब. रांगेत येती, काम करती, जाती. माणसं तशी नसतेत. यादम्मा तीनदा दाबल्याबिगर थांबत नाही. सुलताना पान उघडं टाकून जेवायला जाती. वॉचमन चुकीचंच दाबतो. सोमवारी हेच होणार, तर शनिवारीच होऊ द्या."

यादम्मा लांबून ओरडली, "एक बार में नै होता सार! दबाके देखो तुम!"

'माणसं मोजा, क्लिक नका मोजू' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं वाक्य वर येऊन गेलंच. एकदा एका मेकॅनिकनं फोनवर 'हो गया' म्हटलं आणि डेस्कवरच्या मुलीनं फ्रिजचं तिकीट बंद केलं. गजभारेंनी ते परत उघडलं आणि थेट त्या गावच्या कंपाउंडरला फोन लावला. त्याला फ्रिजमध्ये हात घालायला सांगितलं आणि विचारलं, "चल्लगा उंदा, अन्ना?" गार लागतंय का? तो म्हणाला, लागतंय. गजभारे म्हणाले, पाच मिनिटं तसाच ठेव. आणि पाच मिनिटं, घड्याळ लावून, फोन कानाला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "आता तूच सांग, बंद करू?" त्यानं हो म्हटल्यावर बंद केलं. "ज्यानं उघडली त्यानंच बंद करायची साहेब. ज्याचं दुखतंय त्यालाच कळतं ना थांबलं का ते."

माणूस गमतीचा होता. सर्व्हरच्या कपाटाजवळून जाताना दारावर तळहात ठेवायचे, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. "आज जरा कणकण आहे," म्हणायचे, आणि तासाभरात खरंच काहीतरी बिघडायचं. डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. तो ठेचा खाऊन आंध्राकडचे इंजिनियर पाण्याला धावले तेव्हा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. कधी वरचा आवाज नाही. फार चिडले तर "हल्लू, मियाँ, हल्लू," एवढंच.

तर, तीन वर्षांपूर्वी तिकिटं इतकी वाढली की सोमवारी सकाळी आमची यंत्रणा धापा टाकायला लागली. पान मागितलं की यायला मिनिट, दीड मिनिट. ती पानं पुरवणारं जे सर्व्हरचं सॉफ्टवेअर असतं ते जुनं झालं होतं, नवं निवडायचं होतं, आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी तीन पानी तक्ता केला. हिरवे, पिवळे, लाल रंग भरले. मला तक्ते करायला आवडतात. तक्त्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत.

गजभारेंनी तक्ता नीट वाचला आणि मला कोपऱ्यावरच्या इराण्याकडे घेऊन गेले.

"सर्व्हर म्हणजे काय साहेब, वेटरच की," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "आपला जुना म्हणजे एकच वेटर. साऱ्या टेबलांवरनं फिरत राहतो. हळू आहे, पण कोणाला परत पाठवत नाही. तुमचा हा हिरवा रंगवलेला नवा. याचे वेटर मोजके, पण वाऱ्यासारखे. एक गिऱ्हाईक धरलं की ते उठेपर्यंत त्याचाच. गिऱ्हाईक चहा पिऊन उठणारं असंल तर याच्यासारखा कोणी नाही."

मग त्यांनी डोळ्यांनीच शेजारचं टेबल दाखवलं. आम्ही यायच्या आधीपासून दोन म्हातारे एका रिकाम्या कपावर उर्दू पेपर वाचत बसले होते.

"आन आपले गिऱ्हाईक असे."

खरं होतं. आमच्या मुली तिकिटांची यादी सकाळी उघडायच्या ती संध्याकाळपर्यंत उघडीच. यादी आपली आपण ताजी होत राहायची. म्हणजे एकेक वेटर दिवसभर अडकून.

"म्हणजे नवा नको म्हणताय?"

"नको कुठं म्हणालो? चांगला आहे, घ्या. वेटर वाढवता येतेत त्याचे. किती वाढवायचे ते शिट्टी सांगंल."

त्या वर्षी त्यांची निवृत्ती होती आणि दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर होता. मला एकदाच म्हणाले होते, "बारा वर्षं हातानं लावलंय साहेब. हातानंच सोपवून जावं वाटतंय, दुसरं काही नाही."

ठरलं असं की शनिवारी शिट्टी आणि सोमवारी नवा सर्व्हर. पण बुधवारी ते पुतणीच्या लग्नाला नांदेडला गेले, आणि डायरेक्टरसाहेबांना माझी शिफारस शुक्रवारीच हवी झाली. शिफारशीच्या छापील कागदात शेवटची ओळ होती: गर्दीची चाचणी झाली का, आणि घेणाऱ्याचं नाव. मी 'झाली'वर खूण केली. नाव लिहिलं, उ. गजभारे. खोटं लिहितोय असं वाटलंच नाही. वाटलं, उद्या होणारच आहे, फक्त एक दिवस आधी लिहितोय.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन. मागे बँड वाजत होता. "साहेब, मला काही निघता येत नाही, सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो. थांबता येतंय का बघा. नसंल तर शिट्टी माझ्या वरच्या कप्प्यात आहे, तुम्हीच फुंका. खुर्चीवर चढा मात्र. नाहीतर मागं ऐकू जात नाही."

मी कप्पा उघडला. शिट्टी घेतली, रुमालानं पुसली, मुठीत धरून हॉलच्या दारापर्यंत गेलो. आत मुली कशावरून तरी हसत होत्या. नुकतेच लागलेले दोन इंजिनियर, माझ्या निम्म्या वयाचे, भिंतीला टेकून उभे होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं: पन्नास वर्षांचा, पोट सुटलेला, तीन पानी रंगीत तक्त्याचा कर्ता जोगळेकर खुर्चीवर चढून गाल फुगवून शिट्टी फुंकतोय.

मला लाज वाटली. एवढंच कारण. वेळ नव्हता असं नाही, कोणी अडवलं असं नाही. मी यादम्माला चहा सांगितला आणि परत येऊन शिट्टी कप्प्यात ठेवली. तक्ता म्हणत होता, हा सर्व्हर दहापट गर्दी झेलेल.

सोमवारी सव्वादहाला सुलताना आली. "सार, पेज गोल गोल घूम रा." मग दुसरी, मग चौथी. साडेदहाला सगळा हॉल स्वस्थ बसून गोल फिरणाऱ्या चकत्या बघत होता. मी तक्ता बघत होतो. पावणेबाराला गजभारे आले, स्टेशनवरून थेट, हातात लग्नाच्या बुंदीची पिशवी. कपाटाच्या दारावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"शिट्टी झाली होती ना साहेब?"

"अं... मशीनवर केली होती."

ते खुर्ची ओढून बसले, वेटर वाढवले, वीस मिनिटांत सगळं सुरळीत. वीस मिनिटांचंच काम होतं ते.

पण त्याआधी एका तालुक्याच्या दवाखान्यातून लसींचा फ्रिज बंद पडल्याचा फोन येऊन गेला होता. सुलतानानं तो नोंदवला, पान गोल फिरलं, तिला वाटलं नोंद झाली. झाली नव्हती. मेकॅनिक निघालाच नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या लसी वाया गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी पाच-सात कोसांवरून लेकरं कडेवर घेऊन आलेल्या बायांना तसंच परत जावं लागलं.

गुरुवारी डायरेक्टरसाहेबांच्या खोलीत बैठक. टेबलावर माझा तो कागद. साहेबांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "गजभारे, ये टेस्ट आप लिए?"

गजभारेंनी कागद ओढून घेतला. वाचला. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला आणि परत वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शिट्टी वाजवायच्या आधी ते सगळ्या हॉलवरून नजर फिरवायचे, सगळे तयार आहेत ना बघायला, तसं. बरंच थांबले. ती जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती हे मला तेव्हाही कळत होतं. मी ठरवलं होतं, हे 'नाही' म्हणाले की लगेच आपण सगळं कबूल करायचं. म्हणजे माझा खरेपणासुद्धा त्यांनी सुरू करून द्यायचा होता.

"नाम तो मेराइच है, साब," गजभारे म्हणाले.

संपलं. ते खोटं बोलले नाहीत, आणि मी काहीच बोललो नाही. त्या बुधवारपासून ते रजेवर होते हे हजेरीत स्वच्छ लिहिलेलं होतं. कोणी काढून बघितलं नाही. आमच्या ऑफिसात गजभाऱ्यांच्या हातून चूक झाली म्हटल्यावर कोणाला नवल वाटलं नाही. तिथं जोगळेकर नाव असतं तर माणसांनी दोन प्रश्न जास्त विचारले असते. हे मला कधी मोठ्यानं म्हणता आलं नाही, आज लिहितोय.

मुदतवाढ आली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी कप्पा रिकामा केला, आणि जाताना शिट्टी माझ्या टेबलावर ठेवली. "राहू द्या. ऑफिसचीच आहे."

आता तिकडची चाचणी मी घेतो. लाज गेली, गुडघे वाजतात फक्त. नव्या मुलांमध्ये तिचं नाव 'जोगलेकर सार का टेस्ट'. वार्षिक सभेत डायरेक्टरसाहेबांनी तिचं कौतुक केलं तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

हे सगळं ऐकून वृंदानं ताटं उचलली. पुढच्या रविवारी मात्र म्हणाली, "उठा. तारनाक्याला जाऊन येऊ." मी शिट्टी खिशात टाकली. परत द्यायला म्हणून जायचं, आणि देता देता बोलून टाकायचं, असा माझा बेत.

गजभारे बनियनवर होते, मला बघून धावत शर्ट घालायला गेले, आणि उलटा घालून आले. "वहिनी, या या! साहेब, किती वाळलात!" मी वाळलेलो नाही. गजभारेवहिनींनी वृंदाला आत नेलं. आम्ही बाहेर तारनाक्याची रहदारी, गुडघे, ज्वारीचा भाव असं सगळं बोललो. बोलायचं ते सोडून. कोपऱ्यात कॉम्प्युटर होता, त्यावर विणलेलं पांढरं कापड घातलेलं, कापडावर फुलदाणी. मी शिट्टी पुढं केली तेव्हा ते हसले, हातात घेऊन तळव्यावर उलटीपालटी केली. मी म्हटलं, "गजभारे, त्या वेळी ते—"

"चहा गार होऊ लालाय साहेब," ते म्हणाले.

मी चहा प्यालो.

निघालो तेव्हा त्यांच्या अरुंद गल्लीत माझी गाडी उलटी बाहेर काढायची म्हणजे परीक्षाच होती. गजभारे उलट्या शर्टानं खाली आले, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि शिट्टी फुंकली. एक रिक्षा जागच्या जागी थांबली. त्यांनी पंचासारखा हात वर केला, दुसऱ्या हातानं मला बोलावत राहिले, "आन दो, आन दो, हल्लू, अब्बी काटो!" मी रस्त्यावर सुखरूप लागलो. त्यांनी खिडकीतून शिट्टी परत माझ्या हातात दिली. "ठेवा. उद्या सोमवार आहे." आरशात बघितलं तर अजून हात वर करून उभेच होते, मागची रहदारी अडवून.

सिग्नलला मी म्हटलं, "सांगायचं राहूनच गेलं बघ. पण त्यांच्या मनात काही नाही गं. किती छान बोलले."

वृंदा समोर बघत होती.

"वहिनी सांगत होत्या, तीन वर्षांत गजभारेंनी कॉम्प्युटर उघडलेला नाही. वहिनींना म्हणालेत, माझ्या हातून चूक झाली. त्या बिचाऱ्या अजून तेच धरून बसल्यात." मग ती माझ्याकडे वळली. "गजभारेंना काय सांगायला गेला होतात तुम्ही? त्यांना तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा ना. उद्या ऑफिसात सांगा, आणि आज वहिनींना. गाडी वळवा."